रंग लागणे आणि रंग बसणे

मराठीत रंग लागतो, चढतो, खुलतो, बसतो, उतरतो आणि विटतो. ही क्रियापदे बोलण्यात सहज येऊन जात असली, तरी सुती वस्त्र घरी रंगवू पाहणाऱ्याला त्यांतील भेद उमजल्यावाचून गत्यंतर नाही. हळदीचे बोट पदराला पुसले, तर रंग तत्क्षणी लागतो, परंतु थोड्याच उन्हांत तो फिकटतो, कारण हळदीतील रंगद्रव्य प्रकाशापुढे तग धरत नाही. लागलेला रंग वस्त्राकडे आलेला पाहुणा असतो, बसलेला रंग त्या घरचा होऊन राहतो, आणि पाहुण्याला घरचे करण्याची तजवीज म्हणजेच रंगाऱ्याची विद्या होय.

या विद्येचा आरंभ धुण्यापासून होतो. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो आणि तो असेपर्यंत पाणीही नीट आत शिरत नाही. म्हणून कोरे कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळून घेतात. लोकर व रेशीम हे प्रथिनांचे तंतू असल्यामुळे तुरटीला लवकर आपलेसे करतात, पण कापूस मूळचा अलिप्त, त्यामुळे त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात मुरवावे लागते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ भागात आदिवासी कुटुंबे जो हिरडा वेचतात, त्यात टॅनिन, म्हणजे जिभेला तुरट लागणारे द्रव्य, भरपूर असते. ते तंतूला चिकटते, तुरटीतील ॲल्युमिनियम त्याला धरते आणि पुढे रंगद्रव्य त्या धातूला धरते. रंग आणि तंतू यांची अशी गाठ बांधून देणाऱ्या क्षाराला रंगबंधक म्हणतात, आणि अर्धा किलो कोरड्या कापडाला साधारण पाऊणशे ग्रॅम तुरटी पुरते.

दसऱ्याला पुण्यात दारोदारी चढलेली झेंडूची तोरणे दोन दिवसांत कोमेजून उतरतात, तेव्हा घरगुती रंगाऱ्याचा हंगाम सुरू होतो. सावलीत वाळवलेल्या पाकळ्या कापडाच्या वजनाइतक्या घेऊन, स्वयंपाकाला पुन्हा न वापरायच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर तासभर शिजवल्या, पाणी गाळले आणि ओले कापड त्यात सोडून सतत हलवत ठेवले, म्हणजे रंग एकसारखा चढत जाऊन सोनेरी पिवळा खुलतो. डाळिंबाच्या व कांद्याच्या सालींचीही हीच रीत आहे. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात काही आठवडे मुरवून केलेल्या लोहजलात हेच पिवळे कापड क्षणभर बुडवले, तर ते शेवाळी होते, आणि नुसत्या हिरड्यात मुरलेले कापड करडे-काळे पडते. टॅनिन आणि लोह यांच्या याच संयोगातून पूर्वी लिहिण्याची शाईही तयार होत असे. यानंतर कापड सावलीत वाळवून, दिवसभर तसेच राहू देऊन मगच धुवायचे, कारण रंग बसण्याला अवधी लागतो.

हा अवधी बाजाराला परवडला नाही. १८५६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला, १८६९ पर्यंत मंजिष्ठ कुळातील मुळांच्या लाल रंगाला आणि १८९७ मध्ये निळीला कारखान्यातला पर्याय मिळाला, आणि जे काम दिवसांचे होते ते घटकांचे झाले. पुण्यात त्या जुन्या व्यवसायाची खूण एका नावात टिकून आहे. १८९२ मध्ये सार्वजनिक गणपती बसवणारे भाऊसाहेब लक्ष्मण जावळे वैद्यकी करीत, पण घराण्याचा परंपरागत व्यवसाय शालू रंगवण्याचा असल्यामुळे ते भाऊ रंगारी म्हणून ओळखले गेले आणि जावळे हे आडनाव मागे पडले. शालूंवर बसणारा रंग नावावरही बसला.

वस्त्रावरचा वनस्पतिज रंग मात्र कितीही जपला, तरी वर्षांमागून विटतोच. तो विटला म्हणजे श्रम वाया गेले, असे मानण्याचे कारण नाही, कारण असे वस्त्र पुन्हा हिरड्यात मुरवता येते, पुन्हा तुरटीत भिजवता येते, आणि पुढच्या दसऱ्याची तोरणे उतरली की त्याच विटलेल्या पिवळ्यावर नवा पिवळा चढवता येतो. ज्या घरात रंग बसवण्याची विद्या आहे, त्या घरात जुने वस्त्र टाकून देण्याची घाई राहत नाही.