गेट मीटिंग ते कॉमिक कॉन

वीकेंड आला की आपण काय करतो? टाउनला जातो. काळा घोड्यात महागडी कॉफी, मरीन ड्राइव्हवर फोटो, परतीच्या लोकलमध्ये झोप. पुरे झालं ना राव! या रविवारी जिथे राहतो, जिथे रोज कार्ड पंच करतो, ती उपनगरं बघा. हसू नका. गोरेगाव, घाटकोपर आणि विक्रोळी या तीन ठिकाणी दोन गोष्टी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. एक म्हणजे मुंबईतल्या संपांचा इतिहास. दुसरी म्हणजे जपानी मांगा वाचता वाचता एकमेकांना सापडलेली क्विअर मुलंमुली. ‘यांचा काय संबंध?’ असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. म्हणून तर निघाले.

पहिला स्टॉप, पश्चिम रेल्वेचं राममंदिर स्टेशन. २०१६ च्या डिसेंबरात सुरू झालेलं. पूर्वेला उतरून हायवेच्या दिशेने चालत सुटलात की नेस्को येतं. इथल्या एक्झिबिशन सेंटरमध्ये फर्निचर फेअर, जॉब फेअर, नवरात्रीचा गरबा असं काही ना काही चालूच असतं. पण नेस्को म्हणजे मुळात न्यू स्टँडर्ड इंजिनीअरिंग कंपनी. यंत्रं बनवणारा कारखाना. आत गेलात की मान वर करून छत बघा, म्हणजे इतकी उंची कशासाठी लागली असेल ते कळतं.

मुंबईत कॉमिक कॉन सुरू झालं २०१२ मध्ये, कफ परेडला. पुढे काही वर्षं ते इथे नेस्कोत भरलं. मुलुंडचा माझा एक मित्र तेव्हा दरवेळी सॅकमध्ये निळा विग आणि पायघोळ झगा कोंबून यायचा. घरी सांगायचा, क्लासला चाललोय. वन रूम किचन, माणसं पाच, आणि कपाटाचा एकच कप्पा त्याचा. तो झगा शिवून लपवायचा कुठे, हाच मोठा प्रोजेक्ट! पण हॉलमध्ये शिरल्यावर कुणी त्याच्याकडे वळूनही बघायचं नाही, कारण शेजारी कुणी भूत झालेलं, कुणी समुराई. त्याला त्याची गँग मिळाली ती पुस्तकांच्या रांगेत. पुढच्याच्या हातात कुठलं पुस्तक आहे ते बघायचं आणि ओळखायचं. तोंडाने काही विचारावंच लागत नाही.

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. उजवीकडून डावीकडे वाचायची, आणि सवय लागली की सुटत नाहीत. त्या रांगेतलं लाडकं पुस्तक होतं गेंगोरो तागामे यांचं ‘माय ब्रदर्स हजबंड’. २०१४ ते २०१७ या काळात जपानच्या एका मासिकात ते क्रमशः आलं. याइचीचा जुळा भाऊ वारलाय, आणि त्या भावाचा कॅनेडियन नवरा माइक दारात येऊन उभा राहतो. याइचीला कसं वागावं ते कळत नाही. त्याच्या छोट्या मुलीला, कानाला, मात्र एक नवा काका मिळाल्याचा आनंद. जपानी आहे, पण घर अगदी आपल्याकडचं वाटतं. शेजारी काय म्हणतील, हा प्रश्न तिथेही चहाच्या आधी येतो.

दुसरं नाव रियोको इकेदांच्या ‘द रोझ ऑफ व्हर्साय’चं. मुलगा म्हणून वाढवलेली ऑस्कर राणीच्या गार्डमध्ये अधिकारी होते आणि शेवटी फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांच्या बाजूने उभी राहते. ही मालिका सुरू झाली १९७२ मध्ये. योगायोग बघा, त्याच वर्षी इकडे विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यातला कामगारांचा संघर्ष हिंसक झाला आणि घाटकोपरच्या एका डॉक्टरचं नाव मुंबईभर गेलं.

त्या डॉक्टरकडे जायला अंधेरीहून मेट्रो पकडा. घाटकोपरची ही लाइन २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी हेच अंतर बसने कापताना एक अख्खी कादंबरी संपायची. उतरा, पूर्वेला पंतनगर. मालवणजवळच्या देवबागचे दत्ता सामंत जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झाले आणि या भागात दवाखाना थाटून बसले. पेशंट कोण, तर खडी फोडणारे खाणकामगार. औषध देता देता त्यांच्या लक्षात आलं की दुखणं पगाराचं आहे. पुढचं माहीत असेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हा संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. आपल्याला तो ‘लालबाग परळ’ सिनेमातून ठाऊक. पण त्याचा नेता उपनगरातला होता, हे आपण विसरतो. १६ जानेवारी १९९७ ला पवईतल्या घराजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या काळात कामगार भेटायचे गेट मीटिंगला. शिफ्ट सुटली की कारखान्याच्या दारात, उभ्या उभ्या. तिकीट नाही, रजिस्ट्रेशन नाही. एकट्याने साहेबासमोर बोलायची छाती होत नसे, शंभर जण पाठीशी असले की होई. पण त्या गर्दीतल्या एखाद्याला दुसऱ्या पुरुषावर प्रेम असेल, तर ते तिथे बोलायची सोय नव्हती. भाषणं पगारावर, बोनसवर; त्याचं दुखणं कुठल्याच मागणीपत्रात नव्हतं.

लंडनमध्ये मात्र हे दोन धागे एकत्र आले. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात गे आणि लेस्बियन तरुणांनी एक गट काढला, ‘गेज द वर्ड’ नावाच्या पुस्तकांच्या दुकानाबाहेर बादल्या घेऊन वर्गणी गोळा केली आणि वेल्समधल्या खाणवाल्यांना पाठवली. १९८५ च्या प्राइड मार्चमध्ये ते खाणकामगार बॅनर घेऊन त्यांच्यासोबत चालले. २०१४ चा ‘प्राइड’ सिनेमा यावरच आहे, नसेल पाहिला तर आजच पाहा. बरं, मांगावाल्यांच्या खास माहितीसाठी: आपले मियाझाकीसुद्धा १९६४ मध्ये तोएई स्टुडिओच्या युनियनचे सेक्रेटरी होते!

आपल्याकडे चुकामूक झाली. गिरणी संप १९८२ चा, अशोक राव कवींचं ‘बॉम्बे दोस्त’ १९९० चं. त्यांचा हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये उभा राहिला आणि सांताक्रूझच्या वाकोल्यात, महापालिकेच्या जुन्या इमारतीत बसला. उपनगरातच, बघा. टाउनमध्ये क्लब होते, इथे बसायला खुर्च्या.

शेवटचा स्टॉप विक्रोळी. जिथे १९७२ चा तो संघर्ष झाला, त्याच गोदरेजच्या आवारात २०११ मध्ये परमेश शहानींनी कल्चर लॅब सुरू केली. तिथल्या क्विअर विषयांवरच्या चर्चा आणि सिनेमे सगळ्यांना खुले असत, फुकट. मला हे फार आवडतं. आणि थोडं खटकतंही. आता जूनमध्ये सगळ्याच ऑफिसांचे लोगो सप्तरंगी होतात, पँट्रीत रेनबो कपकेक येतात. पण माझा तो मुलुंडचा मित्र ११ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे. कपकेक खातो आणि गप्प बसतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ ची धार काढली, त्यामुळे पोलिसाची भीती कमी झाली. रिन्यूअलची कशी होणार? एचआरला सांगावं तर एकट्याने. त्याच्या गँगमधले चौघे वेगवेगळ्या कंपन्यांत, आणि सगळे कॉन्ट्रॅक्टवरच. युनियन हा शब्द त्यांनी फक्त इतिहासाच्या पुस्तकात वाचलाय. हल्ली ते महिन्यातून एकदा भेटतात, मांगाची अदलाबदल करतात (एक भाग चारशे-पाचशेला पडतो, तेव्हा पाच जणांत एकच विकत घ्यायचा), आणि मग तासभर फक्त ऑफिसबद्दल बोलतात. कुणाचं ऑफर लेटर कसं आहे, नोटीस पिरियड किती, कुठला बॉस बरा. मी एकदा गेले होते. पुस्तकं बाजूलाच पडली होती.

जायचं कसं: राममंदिरला सकाळीच उतरा, अंधेरीहून मेट्रो, घाटकोपरहून विक्रोळी मध्य रेल्वेने पुढचंच स्टेशन. पण मेगाब्लॉक बघून निघा. भूक लागली की घाटकोपर पूर्वेची खाऊगल्ली आहेच, संध्याकाळी गेलात तर डोशासाठी रांग लागेल. सोबत पुस्तक असू द्या, कव्हर दिसेल असं धरा.