हमीची मर्यादा

वस्तू जितकी महाग तितकी ती भरवशाची, ही आपली एक भाबडी समजूत आहे. माझ्या एका संगीतप्रेमी स्नेह्यांचा लाखो रुपयांचा ॲम्प्लिफायर दोन वर्षांत दोनदा मुका झाला, तेव्हा मी तिच्याकडे नव्याने पाहू लागलो.

हजारोंनी खपणाऱ्या यंत्राचे दोष दुरुस्तीस परत आलेल्या नगांवरून कारखान्याला उमगतात व पुढच्या घडणीत दूर होतात. मोजक्याच संख्येने घडणाऱ्या यंत्राचा खरा परीक्षक मात्र ग्राहकच ठरतो. त्यातून 'क्लास ए' जातीचा ॲम्प्लिफायर गाणे चालू नसतानाही तापत राहतो. आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारणतः निम्मे होते. ज्या गुणासाठी मोल मोजावे, तोच आयुष्य खातो!

कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळीला श्वेत विनायकाच्या देवळातील दगडी जाळीची खिडकी पाहताना मला हे आठवले. असे सांगतात की, पूर्वीचे स्थपती करारपत्रात तिरुवलंचुळीच्या खिडकीसारखे काम वगळीत असत. बाकी सारे घडवू; तेवढ्याची हमी देणार नाही! कलावंताची नम्रता आणि कारागिराचा हिशेब या अटीत एकवटले आहेत.

आजच्या हमीपत्रावर वर्षांचा आकडा ठळक असतो. आपल्या हातून काय होणार नाही, हे त्यात क्वचितच स्पष्ट असते. स्वर ऐकून मोहित झालेल्या रसिकाने म्हणूनच किंमत विचारण्याआधी एक विचारावे : दहा वर्षांनी याचे सुटे भाग कोण देईल?