आमच्या छायाचित्रांचें बिऱ्हाड

घर बदलणें हें संसारांतील एक मोठें संकट होय, असें वडील माणसांच्या तोंडून आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. गेल्या वर्षीं तें आमच्यावरहि आलें. वर्तकनगरांतील ज्या जुन्या इमारतींत आमच्या एकत्र कुटुंबाचीं चाळीस वर्षें गेलीं, ती पुनर्विकासासाठीं रिकामी करावी लागली, आणि आम्ही आठ माणसें जवळच एका भाड्याच्या जागेंत राहावयास गेलों. देव्हारा, पोथ्या, भांडींकुंडीं, सारें सुखरूप पोंचलें. परंतु त्याच दिवाळींत आणखी एक बिऱ्हाड आम्हीं आपल्या हातांनीं हलविलें. त्यांत जें कायमचें हरवण्याच्या बेतांत होतें, त्याची आठवण झाली कीं अजूनहि अंगावर कांटा येतो. तें बिऱ्हाड म्हणजे आमच्या घरचे फोटो.

हे फोटो सहा हजारांवर आहेत. जुने आल्बम फाटूं लागले, तेव्हां आमच्या धाकट्या सुनेनें एकेक फोटो स्कॅन करून संगणकांत भरला. कोठें तडा गेला होता तो बुजविला, कोठें काळवंडलेला चेहरा उजळ केला. दोन वर्षांपूर्वीं तिनें आणखी एक उद्योग आरंभिला. आमच्या वहिनींस, म्हणजे कैलासवासी वडील बंधूंच्या पत्नीस, दुपारीं जवळ बसवावें, पडद्यावर एकेक चेहरा दाखवावा, वहिनींनीं नांव सांगावें, आणि हिनें तें लिहून घ्यावें. महिनाभर हा क्रम चालला. तीनशेंहून अधिक चेहऱ्यांस नांवें मिळालीं. त्यांतील निम्म्या माणसांस ओळखणारें वहिनींवाचून घरांत कोणीच उरलें नव्हतें. पुढें वर्षाच्या आंत वहिनींस स्मृतिभ्रंश जडला. आज त्यांचें वय 84 आहे, आणि समोरचा माणूस कोण हें त्यांस रोज नव्यानें सांगावें लागतें.

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, व पुढें पाठशाळेंतील संस्कृताचें. जन्म मुलांस शब्दरूपें पाठ करून घेण्यांत गेला. तरीहि फोटोंच्या प्रोग्रामची नवी आवृत्ति घ्यावी, हा आग्रह आमचाच. धाकट्या मुलानें ती बसवून दिली आणि तो पुण्यास नोकरीवर परत गेला. त्याच रात्रीं आम्हांस व्यवस्थितपणाची हुक्की आली. सर्व फोटो आम्हीं नव्या हार्ड डिस्कवर नेले, 'जुने फोटो' हें फोल्डरचें नांव गबाळें वाटलें म्हणून तें 'कुटुंबसंग्रह' असें केलें, आणि जुनी जागा झाडून रिकामी केली. सकाळीं प्रोग्राम उघडला, तों प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यांत उद्गारचिन्ह! एकहि फोटो मोठा होऊन दिसेना.

येथें थांबलों असतों तर बरें झालें असतें. परंतु जुनी लायब्ररी बिघडली असें समजून आम्हीं ती पुसून टाकली, कचऱ्याची पेटीहि रिकामी केली, आणि नवी कोरी लायब्ररी उघडून सारे फोटो तींत पुन्हां भरले. घटकाभरानें सहा हजार फोटो पडद्यावर हजर! आमचा आनंद फार टिकला नाहीं. बुजविलेले तडे परत आले होते, आणि एकाहि चेहऱ्याखालीं नांव नव्हतें.

आम्ही तसेच वहिनींच्या खोलींत गेलों. त्यांच्या शाळेंतील, सुमारें 1950 सालचा, मुलींचा एक फोटो आहे, तो पुढें धरून विचारलें, "वहिनी, ह्यांत तुम्ही कोठें?" त्यांनीं बराच वेळ पाहिलें. मग अगदीं सौजन्यानें म्हणाल्या, "गोड मुली आहेत हो, भावोजी. कोणाच्या ह्या?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, कारण तें आम्हांसहि ठाऊक नव्हतें.

संध्याकाळीं सून कचेरींतून आल्यावर आम्हीं अपराध कबूल केला. तिनें रागाचा एक शब्द काढला नाहीं. ती म्हणाली, "बाबा, आपण घर बदललें तेव्हां पोस्टांत नवा पत्ता कळविला होता ना? ह्याला नुसता तेवढाच कळवायचा राहिला होता." मग तिनें जें समजावून सांगितलें तें असें. अशा प्रोग्राममध्यें फोटो वेगळे आणि त्यांची सूची वेगळी. फोटो आपल्या फोल्डरांत असतात. सूचींत त्यांचा फक्त पत्ता असतो. तडा बुजविला, उजेड वाढविला, ह्या सूचनाहि सूचींतच लिहिल्या जातात. मूळ फोटोस हात लागत नाहीं. नांवें बहुधा तेथेंच. म्हणून फोटो हलवावयाचे ते प्रोग्रामच्या आंतूनच हलवावे, म्हणजे पत्ता आपोआप बदलतो. बाहेरून हलविलेच, तर हरवलेलें फोल्डर शोधण्याची सोय असते. तेथें नवी जागा एकदां दाखविली कीं पुरे. आम्हीं पत्ता न बदलतां सबंध टपालवहीच जाळली होती.

वेदान्तांत नाम आणि रूप हीं दोन जोडीनें शिकलों होतों. त्यांची ताटातूट म्हणजे काय, तें त्या संध्याकाळीं कळलें.

परंतु दैव अनुकूल होतें. नवी आवृत्ति बसतांना ती जुन्या सूचीची नक्कल करून त्या नकलेंत आपले बदल करते, आणि मूळ सूची जेथल्या तेथें ठेवते. आम्हीं पुसली ती नक्कल! मूळ सूची जुन्या जागींच पडून होती. सुनेनें ती उघडली, फोल्डराचा नवा पत्ता दाखविला, आणि उद्गारचिन्हें एकामागून एक मावळलीं.

हा प्रसंग आमच्यावरच आला असें नाहीं. एप्रिल 2015 मध्यें ॲपल कंपनीनें आयफोटो आणि ॲपर्चर ह्यांच्या जागीं 'फोटोज' आणला, तेव्हांहि जुनी लायब्ररी तशीच ठेवून शेजारीं नवी तयार होत असे, आणि एकाच घरांत दोन लायब्रऱ्या पाहून लोक गोंधळत. मार्च 2016 मध्यें गूगलनें पिकासाचा आधार काढून घेतला. प्रोग्राम येतात आणि जातात. सूची त्यांच्या मुठींत राहिली तर त्यांच्याबरोबर जाते.

ह्या बाबतींत आमचे पोथीवाले पंडित शहाणे म्हणावयाचे. पुण्यास डेक्कन कॉलेजांत असलेला सरकारी हस्तलिखितांचा संग्रह 1918 सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत गेला. घर बदललें, परंतु अमुक सालच्या खरेदींतील अमुक क्रमांक, ही पोथीची ओळख बदलली नाहीं. आजहि विद्वान त्याच क्रमांकानें पोथीचा उल्लेख करतात. ओळख कपाटाशीं नव्हे, पोथीशीं बांधलेली होती.

तोच धडा आम्हीं घेतला. फोटोच्या फाइलीच्या पोटांतच नांव, साल, गांव लिहून ठेवण्याची सोय आहे. मग ती फाइल कोणत्याहि प्रोग्राममध्यें गेली तरी लिहिलेलें बरोबर जातें. सुनेनें सर्व नांवें तशीं उतरविलीं. सूची आणि फोटो ह्यांच्या दोन जादा प्रती केल्या. एक घरीं, एक पुण्यास मुलाकडे. वाचकांपैकीं कोणी नवी आवृत्ति घेणार असतील, तर आधीं जादा प्रत करावी, आणि सर्व कांहीं डोळ्यांनीं पाहिल्यावांचून जुनें कांहीं पुसूं नये, एवढेंच आमचें सांगणें.

नांवें परत आलीं त्या रात्रीं शाळेचा तो फोटो घेऊन आम्ही पुन्हां वहिनींपाशीं बसलों, आणि त्यांनींच सांगितलेलीं नांवें डावीकडून क्रमानें वाचूं लागलों. त्यांच्या स्वतःच्या माहेरच्या नांवावर त्यांचा चेहरा हलला नाहीं. पुढचें नांव शेजारच्या मैत्रिणीचें. तें ऐकतांच वहिनी एकदम म्हणाल्या, "ती फार घट्ट वेणी घालायची. डोकें दुखायचें माझें."

आम्हीं तेवढें वाक्य लगेच सुनेस सांगितलें. तेंहि आतां त्या फोटोंत लिहिलेलें आहे.