पाटोद्याच्या वाटेवर

वसईचा माणूस घाट चढला की त्याला पाण्याची आठवण येते, असे आमचे वडील म्हणत असत. विहिरीला बारमाही पाणी, वाडीत केळी, पानवेली आणि फुले, जवळच मुंबईची लोकल; मग घाटावर जायचे कशाला, अशी आमची पिढीजात समजूत. आम्ही उभयतांनीही आयुष्याची साठ वर्षे या समजुतीतच काढली.

ती मोडली पाटोद्याच्या गुरुजींनी. बीड जिल्ह्यातील हे गृहस्थ नोकरीनिमित्त पंचवीस वर्षे आमच्या शेजारी राहिले. आमच्या सणांना ते आमच्याकडे जेवले, त्यांच्या दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे. निवृत्त होऊन ते गावी परतले, तरी दर नाताळास त्यांचे पत्र चुकले नाही. पत्राच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असे, "एकदा आमचा दुष्काळ पाहायला या." अखेर एका नोव्हेंबरात, दिवाळी सरल्यावर, धाकट्या चिरंजीवांनी गाडी काढली. घरातील वेदीसमोर प्रार्थना झाली. वडिलांच्या वेळचे संत क्रिस्तोफरचे पदक गाडीत लावले. आमच्या सौभाग्यवतींनी एक कोरी वही बरोबर घेतली. वाटेत जे जे नवल दिसेल ते ते क्रमांक घालून लिहायचे, असा त्यांचा संकल्प होता.

माळशेज घाट चढून वर आलो आणि हिरवाई हळूहळू मागे पडली. आळेफाट्याजवळील आळे गावी पहिले नवल भेटले, ते म्हणजे एका रेड्याची समाधी. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तो रेडा परतीच्या वाटेवर येथे निवर्तला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या मुक्या जनावरासमोर भाविक हात जोडून उभे होते. सौभाग्यवतींना जुन्या करारातील बलामाची गाढवी आठवली. ज्या देवाने गाढवीला वाचा दिली त्याला रेडा काय जड, असे त्या म्हणाल्या, आणि नवल पहिले वहीत उतरले.

तेथून थोडी वाकडी वाट करून खोडदला गेलो. द्राक्षांच्या बागा आणि कांद्याची शेते यांच्या मधोमध प्रचंड जाळीदार थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या असून दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी त्या टिपतात. कुंपणापलीकडे एक शेतकरी त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता कांद्याला पाणी देत होता. हे नवल दुसरे.

मुक्काम नगरला केला. २०२४ साली या शहराचे नाव अहिल्यानगर झाले असले, तरी तोंडात नगरच येते. तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ सालचे. देशोदेशींचे रणगाडे तेथे झाडांच्या सावलीत निवांत बसलेले आहेत. १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पाकिस्तानचा पॅटन रणगाडाही त्यांत आहे. तलवारींचे फाळ होतील असे यशया संदेष्ट्याने सांगितले होते. तेवढे नाही तरी तोफांवर चिमण्या बसलेल्या आम्ही पाहिल्या. नवल तिसरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जामखेडच्या रस्त्याला लागलो. कडा गावाच्या अलीकडे समोरून बैलगाड्यांची एक लांबलचक रांग येताना दिसली. टायरच्या चाकांच्या त्या गाड्या काठोकाठ भरलेल्या होत्या. पत्र्याच्या पेट्या, हंडे, गोधड्या, जळणाच्या मोळ्या, पिंजऱ्यात कोंबड्या, एका गाडीत शेळीचे करडू. बैलांची शिंगे रंगवलेली. सामानाच्या शिखरावर दोन मुले राजासारखी बसली होती. असे दृश्य आम्ही जन्मात पाहिले नव्हते. चिरंजीवांनी गाडी थांबवली, आम्ही उतरलो आणि मोबाइलवर भराभर फोटो काढले. मुलांनी हात हलवला, आम्हीही हलवला. एका गाडीतल्या तरुण स्त्रीने मात्र पदर ओढून तोंड फिरवले. आम्ही नऊ गाड्या मोजल्या, हसत हसत गाडीत बसलो, आणि सौभाग्यवतींनी वहीत लिहिले, "नवल चौथे, चालते गाव."

पुढचा रस्ता आम्हांस कोड्यात टाकणारा होता. नगर जिल्हा संपून बीड लागला, कडा आणि आष्टी ही गावे गेली, आणि जामखेडला पाहतो तो पुन्हा नगर जिल्हा. तेथून थोडे पुढे सरकलो तर पुन्हा बीड. एकाच सकाळी एकाच जिल्ह्यात दोनदा प्रवेश करण्याचा हा योग पाचवा ठरला. सहावे नवल सौताड्याचे. बालाघाटच्या सपाट माळावरून जाताना येथे पाणी असेल असे स्वप्नातही येत नाही. अकस्मात पायांखालची जमीन दुभंगते, विंचरणा नदी त्या दरीत उडी घेते, आणि पायऱ्या उतरून खाली गेले की रामेश्वराचे मंदिर लागते. त्या वर्षी पाऊस बरा झाल्याने धबधबा अजून वाहत होता. त्याच्या आवाजाने आमच्या मनातला दुष्काळ पार पुसून गेला.

सायंकाळी पाटोद्यास पोहोचलो. वहिनींनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचे भरीत वाढले. जेवताना सौभाग्यवतींनी वहीतील नवले वाचून दाखवली. रेडा आणि रणगाडे ऐकून गुरुजी हसले. चौथ्या नवलाला मात्र ते हसले नाहीत.

"वहिनी, ते चालतं गाव म्हणजे आमचाच तालुका," ते म्हणाले. "ऊस तोडायला निघालेत."

त्या रात्री गुरुजींनी आम्हांस जे सांगितले ते ऐकताना आमची भाकरी ताटात तशीच राहिली. बालाघाटची जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दुसरीकडे, १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. त्यांना तोडणीची माणसे हवी होती, आणि येथे माणसांच्या हाताला काम नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने तर गावेच्या गावे त्या वाटेला लावली. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळी झाली की निघायचे, आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचे. तोवर पाचटाच्या कोपीत राहायचे. एका दिवसाचा खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात. नवराबायको मिळून जी जोडी होते तिला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात.

"माणसं मोजत नाहीत, सर. कोयते मोजतात," गुरुजी म्हणाले.

खाडा परवडत नाही म्हणून येथील कित्येक स्त्रियांनी तरुण वयात गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. वहिनी हे सांगताना हळू आवाजात बोलत होत्या. त्या तरुण स्त्रीने पदर ओढून फिरवलेले तोंड आम्हांस आठवले. मुलांसाठी शासनाने २०२१ साली वसतिगृहांची योजना मंजूर केली. तिला संत भगवानबाबांचे नाव दिले आहे, आणि बाबांचे जन्मगाव सावरगाव घाट याच तालुक्यातले.

सकाळी गुरुजी आम्हांस नायगावच्या मयूर अभयारण्याकडे घेऊन गेले. हे अभयारण्यही १९९४ सालचेच. मोर दिसले, परंतु पावसाळ्यानंतर त्यांचा पिसारा झडलेला होता. आखूड शेपटीचे ते मोर ओळखू येईनात. वही बरोबर होती, पण सौभाग्यवतींनी ती उघडली नाही.

परतताना एका वस्तीवर थांबलो. घरामागून घर कुलूपबंद. अंगणात चुली थंड, दाव्याला जनावर नाही. एका ओट्यावर एक आजी दोन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. गुरुजींनी ओळख करून दिली.

"कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

"वसई, आजी. मुंबईजवळ, समुद्राच्या काठी."

"तिथं ऊस हाय का?"

"नाही, आजी. भात, केळी, फुलं."

"मग साखर खात न्हाईत?"

"खातो की, आजी," आम्ही हसून म्हणालो.

"मग आमच्या लेकरांची वळख असंल तुम्हाला," आजी अगदी सहज म्हणाल्या.

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्यांचा लेक आणि सून दोन दिवसांपूर्वी पहाटे नगरकडच्या एका कारखान्यावर निघाले होते, बैलगाडीने. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मोबाइल काढला आणि कड्याजवळचे फोटो त्यांच्यापुढे धरले. आजींनी डोळे बारीक केले. काचेला स्पर्श न करता त्या एकेका गाडीवरून बोट फिरवू लागल्या. चेहरे त्यांना दिसत नव्हते. त्या बैल पाहत होत्या.

"हे न्हाईत. आमच्या ढवळ्याचं एक शिंग खाली वळलंय." पुढचा फोटो. "हेबी न्हाईत." नऊही गाड्या झाल्या. लेक सापडला नाही. आजी परत त्या एका फोटोपाशी थांबल्या.

"ही कोन? तोंड का फिरवलं हिनं?"

ज्याने फोटो काढला त्यालाच याचे उत्तर ठाऊक असायला हवे होते. आम्ही गप्प राहिलो. गुरुजी म्हणाले, "ऊन लागलं असंल, आजी."

परतीच्या प्रवासात गाडीत जपमाळ झाली. दुसऱ्याच्या यादीत नाव नोंदविण्यासाठी ऐन अवघडलेल्या दिवसांत घर सोडून निघालेले पवित्र मरिया आणि योसेफ हे जोडपे आपण दर वर्षी गोठ्यात मांडतो, पण त्यांची वाट कधी डोळ्यांपुढे आणत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली श्रमिकांविषयी विश्वपत्र काढले. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीने मजुराने कठोर अटी मान्य केल्या, तर तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी ठरतो, असा विचार त्यात मांडला आहे. चर्चमधील अभ्यासवर्गात आम्ही तो वाचला होता. उचल या शब्दाशी मात्र त्याची गाठ पाटोद्यास पडली.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी वहीतील चौथे नवल खोडले. आम्ही फोटो पुसून टाकायला निघालो, तेव्हा त्यांनी अडवले. "तिचा चेहरा दिसत नाही, तो राहू द्या," त्या म्हणाल्या.

पुढे आगमनकाळ लागला. नाताळच्या फराळाची तयारी सुरू झाली. न्यूऱ्यांच्या सारणासाठी साखर मापता मापता सौभाग्यवती थांबल्या आणि म्हणाल्या, "आजींचा लेक पोहोचला असेल का हो?" आम्ही गुरुजींना फोन लावला. लेक सुखरूप पोहोचला होता. कोपी बांधून झाली होती, तोडही चालू झाली होती.

"आणखी एक," गुरुजी म्हणाले. "आजी विचारतात, पाडव्याला गाड्या परततील तेव्हा ते फोटोवाले पाव्हणे त्या रस्त्यावर असतील का? लेक दिसला तर तेवढा काढा म्हणतात. पण त्याला विचारून."

आम्ही येतो म्हणून कळवले आहे.