मधली अवस्था
एकच काम वाटून घेणाऱ्या अनेक सर्व्हरांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवण्याच्या क्रियेला ‘डिप्लॉयमेंट’ म्हणतात. आणि ही क्रिया दाखवणारा पडदा रचणाऱ्याची कसोटी लागते ती काही यंत्रे नवी आणि काही अजून जुनी आवृत्ती चालवत असतानाच्या मधल्या काळात.

1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेचे सुमारे 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले, त्याच्या मुळाशी हीच अवस्था होती. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरांवर पोहोचला, आठव्यावर मात्र वर्षानुवर्षे वापरात नसलेला कोड तसाच राहिला आणि बाजार उघडताच तो कार्यरत झाला. बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने त्या त्रुटीचा उल्लेख असलेले 97 ईमेल आपोआप पाठवले होते. पण ते इशारा म्हणून रचलेले नव्हते, त्यामुळे कोणी त्यांची दखल घेतली नाही. आठपैकी सात हे प्रमाण जवळजवळ भरलेल्या हिरव्या पट्टीने दाखवले, तर पाहणाऱ्याला काम संपत आल्याचा दिलासा मिळतो. आठ चौकोन काढून एक वेगळ्या रंगात ठेवला, तर नजर थेट त्या आठव्यावर जाते. क्लस्टर सांभाळणाऱ्या क्युबर्नेटीजसारख्या प्रणालीत मात्र तो 5,000 यंत्रांपर्यंत वाढू शकतो, तेव्हा चौकोनांचाही गर्दीत अर्थ हरवतो. अशा वेळी एकसारखी यंत्रे एका आकड्यात गुंडाळून वेगळी पडलेली तेवढी नावानिशी वर आणणे, हाच मार्ग उरतो.

गूगलने 2014 मध्ये खुल्या केलेल्या क्युबर्नेटीजमध्ये वापरकर्ता एकेक आज्ञा देत बसत नाही. त्याला हवी असलेली अवस्था तो लिहून देतो आणि प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी जुळवत राहण्याचे काम प्रणाली करते. ठरवलेल्या मुदतीत, म्हणजे मूळ मांडणीनुसार 600 सेकंदांत, प्रगती झाली नाही तर ती तशी नोंद करते, परंतु स्वतःहून मागील आवृत्तीकडे वळत नाही. म्हणून ‘रखडले’ आणि ‘मागे घेतले’ या दोन स्थिती पडद्यावर निःसंदिग्धपणे वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

याहून अवघड प्रश्न अज्ञानाचा आहे. यंत्राकडून ठराविक अंतराने येणारा जिवंतपणाचा संकेत थांबला की त्याची स्थिती ‘अज्ञात’ ठरते. यंत्र बंद पडलेले असू शकते, किंवा ते व्यवस्थित चालू असून केवळ मधले जाळे तुटलेले असू शकते. तेथे लाल रंग देणे म्हणजे नसलेले ज्ञान मिरवणे आणि शेवटचा हिरवा तसाच ठेवणे म्हणजे शिळी बातमी ताजी म्हणून देणे होय. करडा रंग आणि ‘शेवटचा संकेत किती वेळापूर्वी आला’ हा आकडा, एवढेच प्रामाणिक आहे, कारण घाईने बदली प्रत सुरू केली तर दोन प्रती एकाच विदेवर लिहू लागण्याचा धोका असतो.

माघारीच्या बटणालाही हाच काटेकोरपणा लागतो. ते बटण प्रोग्रामची जुनी आवृत्ती परत आणते. नव्या आवृत्तीने दरम्यान डेटाबेसच्या रचनेत केलेला बदल ते उलटवत नाही, आणि हे वाक्य बटणाशेजारीच, दाबण्याआधी वाचता येईल असे लिहिलेले असले पाहिजे.