चिमूटभर पांढरी पूड

मुलांनो, तुमच्या घरी नूडल्स किंवा मंचुरियन करताना कुणी साखरेसारखी चकाकणारी पांढरी पूड टाकते का? किराणा दुकानात तिला 'अजिनोमोटो' म्हणतात. या पुडीबद्दल मी एकदा वर्गात चुकीचे सांगितले, त्याची ही हकिकत आहे.

नववीच्या वर्गाला मी ठासून सांगितले होते, "ते विष आहे आणि त्यात डुकराची चरबी असते." हे मी कुठे वाचले होते? कुठेच नाही. अम्मी म्हणायची, शेजारच्या खाला म्हणायच्या, म्हणून मीही म्हणालो. दुसऱ्या दिवशी एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील संध्याकाळी चायनीजची गाडी लावतात. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, मग अब्बा लोकांना हराम खायला घालतात का?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री जेवणही गेले नाही. मग मी वाचायला बसलो.

1908 साली टोकियो येथील विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेडा यांनी समुद्रातल्या कोंबु नावाच्या शेवाळापासून ग्लुटामेट वेगळे काढले. गोड, आंबट, खारट, कडू यांहून निराळ्या या चवीला त्यांनी 'उमामी' म्हटले. पिकलेल्या टोमॅटोत, चीजमध्ये, एवढेच काय, आईच्या दुधातही ग्लुटामेट असते. आमची अम्मी हाडे मंद आचेवर तासन् तास शिजवून यखनी करते, तिच्यातही तेच उतरते! आज ही पूड उसाच्या किंवा मक्याच्या साखरेवर जीवाणू वाढवून, आंबवून तयार करतात. चरबीचा तिच्याशी संबंध नाही.

पण अम्मीची शंका अगदीच निराधार नव्हती. 2001 साली इंडोनेशियात या जीवाणूंचे खाद्य तयार करताना डुकरापासून मिळवलेले विकर वापरल्याचे उघड झाले आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला. नंतर ती पद्धत बदलली.

आणि विषाचे काय? 1968 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले, तेव्हापासून ही भीती पसरली. पुढे पुष्कळ तपासण्या झाल्या. अन्नाशिवाय एकदम 3 ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास काही जणांचे डोके दुखते. स्वयंपाकात मात्र एवढी पूड सहसा पडत नाही. तिच्यात सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश असते. तरी मीठ तेवढेच ठेवून वर ही पूड टाकली, तर रक्तदाब असलेल्या माणसाचा फायदा कसा होणार?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक सांगितली. ती मुलगी काही बोलली नाही, वहीत लिहीत राहिली. घरी अम्मीलाही सगळे समजावले. ती म्हणाली, "तू शिकलेला आहेस बेटा, पण माझ्या हंडीत नको."

संध्याकाळी मी मुद्दाम त्या गाडीवर गेलो. वडिलांनी कढई तापत ठेवून विचारले, "सर, अजिनोमोटो टाकू की नको?"

"टाका," मी म्हणालो, "पण मीठ जरा कमी."