केंब्रिजमधील वादसभा

बोस्टनहून चार्ल्स नदी ओलांडली की केंब्रिज लागते. १६३६ साली स्थापन झालेले हार्वर्ड आणि १९१६ साली बोस्टनमधून येथे स्थलांतरित झालेली एमआयटी ही दोन विद्यापीठे मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यू या एकाच रस्त्याने जोडलेली आहेत. अंतर जेमतेम तीन किलोमीटरचे. हार्वर्डचा तत्त्वज्ञान विभाग १९०५ साली बांधून झालेल्या, विटांच्या इमर्सन हॉलमध्ये आहे; तर एमआयटीचा विभाग फ्रँक गेरी यांनी रचलेल्या स्टाटा सेंटरच्या तिरप्या भिंतींआड.

माझी भाची येथे तत्त्वज्ञानात पीएच.डी. करते. दोन्हीकडच्या संशोधक विद्यार्थ्यांनी मिळून भरविलेल्या कार्यशाळेत तिचा निबंध होता. आयोजकांच्या अनुमतीने मी मागे बसलो. निबंध सर्वांनी आधीच वाचलेला होता. दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने त्यावर भाष्य करावयाचे, मग प्रश्न. नवा प्रश्न असेल तर हात वर करावयाचा. चालू प्रश्नालाच जोड द्यावयाची असेल तर केवळ एक बोट. अध्यक्ष क्रम लिहून घेतो. कोणी कोणाचे बोलणे तोडीत नाही.

भाष्यकाराने प्रथम भाचीचेच म्हणणे मांडले, आणि ते इतक्या निष्ठेने की मला आपल्या आचार्यांच्या ग्रंथांतील पूर्वपक्षाची आठवण झाली. नंतर त्याने एकच आक्षेप घेतला. पण तो तिच्या दोन वर्षांच्या कामाच्या मुळाशी जाणारा होता. क्षणभर शांतता पसरली. तिने तो वहीत लिहून घेतला आणि म्हणाली, ‘‘याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही.’’

मी मात्र अस्वस्थ झालो. सी.ए.चा अभ्यास सोडून तिने हा विषय घेतला, तेव्हा घरात पुष्कळ वाद झाला होता. ‘‘प्रत्येकाचे आपापल्या परीने बरोबरच असते,’’ असे म्हणून मी तो मिटविला होता आणि त्याला अनेकान्तवाद असे भारदस्त नाव दिले होते. वस्तुतः ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘विशिष्ट अपेक्षेने’. ती अपेक्षा कोणती, हे स्पष्ट सांगावे लागते आणि दुसऱ्याची समजून घ्यावी लागते. जो नय इतरांना नाकारतो तो दुर्नय, हे मी पाठशाळेत शिकलो होतो. तिचे म्हणणे मी नाकारले नव्हते, एवढेच, ऐकलेही नव्हते.

परतताना भुयारी रेल्वेची तीनच स्थानके होती. ‘‘मामा, दमलात का? गाडीने जाऊ या,’’ ती म्हणाली. मी पायीच जाऊ म्हटले, आणि विचारले, ‘‘हा विषय तू का घेतलास, ते आज मला पहिल्यापासून सांग.’’

ती बराच वेळ बोलत राहिली. हार्वर्ड चौक आला, तरी तिचे सांगणे संपले नव्हते. आम्ही तेथल्याच एका बाकावर बसलो. मध्ये दोन-तीन वेळा माझ्या ओठांवर प्रश्न आले. मी बोट वर केले आणि माझी पाळी येईपर्यंत थांबलो.